डाग कशाचा, ते आधी बघा

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत तुम्ही बसला असाल, तर तिचं पांढरं, तुळतुळीत अंग पाहिलं असेल. तो पांढरेपणा ब्रशने लावलेल्या रंगाचा नसतो. त्या थराला आम्ही जेलकोट म्हणतो. फायबरची होडी घडवताना साच्याला आधी मेण चोळतात, मग जेलकोटचा थर देतात, तो आवळत आला की वर काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन असे थर चढवत जातात. होडी साच्यातून सुटली की सगळ्यांत आधी दिलेला थर सगळ्यांत बाहेर येतो. त्याची जाडी असते साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. खारं पाणी आणि ऊन यांच्यापासून आतल्या काचतंतूंना वाचवणारं एवढंच काय ते आवरण. होडीवरचा डाग काढायला हात घालताना हे आवरण डोळ्यांपुढे असलं पाहिजे, कारण आपण जे काही घासणार असतो, ते त्याच्यावरच.

मी या होड्यांच्या डागडुजीचं काम करतो. वडिलांचं काम लाकडाचं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं. त्या होड्या मुळातच काळपट, त्यांच्यावर डाग पडला तरी कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. फायबर आलं, होड्या पांढऱ्या झाल्या आणि डागांची चिंता सुरू झाली. पर्यटक वाढले तशी तीही वाढली.

मेअखेरीस प्रवासी होड्या पुळणीवर ओढल्या जातात, १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद होते. मग होडीवाले धुण्यापुसण्याला लागतात आणि माझ्याकडे निरोप येतो, ‘‘मेस्त्री, ह्यो डाग काय केल्यान जाणा नाय.’’ मी आधी विचारतो, काय काय लावलंत? उत्तर ऐकून पुष्कळदा पोटात गोळा येतो. संडास धुवायचं ॲसिड, तारेची घासणी, खरखरीत पॉलिश पेपर, एखाद्याने तर पेट्रोलसुद्धा. एका वस्तूने डाग हलला नाही की तिच्याहून कडक वस्तू आणायची, अशी चढती भाजणी.

यातली प्रत्येक वस्तू होडीचं काही ना काही बिघडवते. तारेच्या घासणीतून लोखंडाचे बारीक कण जेलकोटमध्ये रुततात आणि खाऱ्या हवेत तेच गंजायला लागतात. मग एका डागाच्या जागी तांबूस ठिपक्यांची पुरळ उठते. पॉलिश पेपर डागाबरोबर जेलकोटही उतरवतो आणि एकदा काचतंतू उघडे पडले की पाणी आत शिरतं. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते गंज काढतं, हे खरं. पण गॅल्व्हनाइज्ड साखळ्या आणि ॲल्युमिनियम खातं, आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. पेट्रोलचं तर नावच काढू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की हातात काहीही घेण्याआधी दहा मिनिटं डागाकडे बघा. तो कुठून निघतो आणि कुठे थांबतो, यावरून त्याची बरीचशी ओळख पटते. बोल्टखालून किंवा कड्याखालून ओघळ निघाला असेल तर तो गंज. पाण्याच्या रेषेला समांतर, होडीच्या दोन्ही अंगांना पिवळट-तपकिरी पट्टा असेल तर तो खाडीच्या पाण्याचा. बोटाला चिकट लागतो आणि पाणी त्यावर पसरत नाही, तो डिझेल-तेलाचा. धक्क्याला लागणाऱ्या जागी काळे फराटे असतील तर ते टायरच्या रबराचे. पांढरी, खरखरीत वर्तुळं म्हणजे बार्नेकलच्या बैठका. या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. गंजावर साबण चालत नाही आणि तेलावर आम्ल चालत नाही. चुकीची वस्तू दुप्पट जोराने घासली तरी ती चुकीचीच राहते.

सुरुवात मात्र सगळ्यांची एकच. विहिरीचं गोडं पाणी, भांड्यांचा पातळ साबण, नायलॉनचा मऊ ब्रश आणि सावली. आधी नुसत्या पाण्याने मीठ आणि वाळू उतरवायची, नाही तर ब्रशखाली तीच वाळू जेलकोटवर ओरखडे काढते. मग साबण. इतक्या साध्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ही पायरी गाळली जाते. खरं तर माशांचं रक्त, पक्ष्यांची विष्ठा, धूर आणि तेलाचा मेणचटपणा यातलं बरंच काही इथेच सुटतं. जे उरतं त्याच्यासाठीच पुढचे उपाय.

गंज मात्र साबणाला दाद देत नाही. लोखंड आणि प्राणवायू यांचं हे संयुग पाण्यात विरघळत नाही आणि जेलकोटच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. त्याला बाहेर काढायला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ते गंजातल्या लोखंडाला धरतं आणि पाण्यात उतरवतं. आमच्या भागात बिंबलीची झाडं आहेत, तिची हिरवी आंबट फळं कालवणात घालतात. तिच्या रसाने कपड्यांवरचे गंजाचे डाग निघतात, ते याच आम्लामुळे. अळू घशाला खाजतं, तेही या आम्लाचे कॅल्शियमबरोबर जे सुईसारखे स्फटिक होतात त्यांच्यामुळे. स्वयंपाकघरात सापडतं म्हणून या आम्लाला सौम्य समजू नये. पोटात जास्त गेलं की ते शरीरातल्या कॅल्शियमला पकडतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. बिंबलीचा रस औषध म्हणून भरपूर प्यायलेल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आणि आपण हार्डवेअरच्या दुकानातून किंवा मार्बल पॉलिशवाल्याकडून आणतो ती पावडर तर निव्वळ आम्ल. पांढरे दाणे, दिसायला साखरेसारखे. १५ ते ३० ग्रॅम पोटात गेलं तर धडधाकट माणसाचा जीव जाऊ शकतो. ती जुन्या चहापावडरच्या डब्यात ठेवू नका, तिचं पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेला खलाशी बाटलीचं झाकण उघडण्याआधी वास घेत बसत नाही. डब्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा, कुलपात ठेवा, आणि वापरलेली बादली पुन्हा घरात नेऊ नका.

हे काम प्रत्यक्ष कसं करतात, ते सांगतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चारही बाजूंनी बंद चष्मा, आणि पावडर मोजताना नाकातोंडावर मास्क. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाणी घ्यायचं आणि त्यात ५० ग्रॅम पावडर हळूहळू सोडायची. आधी पाणी, मग पावडर, हा क्रम मोडायचा नाही. मिश्रण गरम करायचं नाही. पहिल्यांदा होडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं लावून बघायचं. मग जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या त्यात भिजवून, पिळून, गंजाच्या ओघळावर चिकटवायच्या आणि वाळू नयेत म्हणून वरून प्लॅस्टिकचा कागद लावायचा. पाच मिनिटांनी कोपरा उचलून बघितला तर तांबूस रेघ कडांकडून फिकटायला लागलेली असते आणि कापडावर पिवळट-हिरवी झाक उतरलेली असते. ती झाक म्हणजे विरघळलेलं लोखंड. दहा-पंधरा मिनिटांत पट्टी काढायची आणि भरपूर पाण्याने धुवायचं. पट्टी तिथेच वाळू द्यायची नाही आणि उन्हात हे काम करायचं नाही. त्या हिरवट पाण्यावर ऊन पडलं की त्यातलं लोखंड पिवळ्या भुकटीच्या रूपाने पुन्हा खाली बसतं, आणि ती भुकटी पाण्यात विरघळत नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने होडीचं अंग पुसून घ्यायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि परत एकदा गोडं पाणी. जुना डाग असेल तर दुसरी पट्टी लावायची, पण पावडर वाढवायची नाही.

चुकून डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही. वेळ न घालवता डॉक्टरकडे, आणि पावडरचा डबा बरोबर न्यायचा.

डाग निघाला, तरी ज्या बोल्टखालून तो ओघळला तो तसाच ठेवला तर गणपतीपर्यंत रेघ परत येते. दुकानात ‘स्टेनलेस’ म्हणून जे मिळतं ते सगळं समुद्राला टिकत नाही. ३०४ नंबरचं स्टील किनाऱ्यावर चहाच्या रंगाचं होतं. ३१६ नंबरमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठातल्या क्लोराइडला जास्त तोंड देतं. बोल्टमागे दोन पैसे जास्त घाला, असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण डाग काढण्याच्या प्रत्येक खेपेला जेलकोटची थोडी तरी झीज होतेच.

खाडीत नांगरलेल्या होड्यांवरचा तपकिरी पट्टा मला नेहमी त्या खाडीची सही वाटतो. कर्लीच्या खाडीकाठी कांदळवन आहे. कांदळाच्या पानांतून आणि सालीतून टॅनिन पाण्यात उतरतं, आणि पावसात जांभ्याच्या डोंगरांवरून लोखंडाने भरलेली लाल माती येते. ही दोन्ही होडीच्या अंगावर भेटली की रंग काळपट होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत, तिचं रसायन हेच. त्यामुळे या पट्ट्यावरही ऑक्झॅलिकची पट्टी चालते, आणि पट्टा कोवळा असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यानेही तो जातो. मी आधी लिंबूसत्वच लावून बघतो.

बार्नेकलबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण तो नुसता डाग नव्हे, तो जीव आहे. शिंपल्यासारखा दिसतो, पण नातं खेकड्या-कोळंबीशी. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्याच्या अभ्यासात घालवली. पिल्लू असताना ते पाण्यात पोहत फिरतं, जागा पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतं, भोवती चुन्याचं कवच उभारतं आणि उरलेला जन्म पाय बाहेर काढून पाण्यातलं खाणं ओढत राहतं. त्याची खळ प्रथिनांची असते आणि ती पाण्याखाली आवळते. माणसाला अशी खळ करायला अजून धडपडावं लागतं. त्यामुळे कोयत्याने किंवा पत्र्याच्या पट्टीने ताड्ताड् उडवलं तर कवच निघतं, पण बरोबर जेलकोटचा टवकाही निघतो. होडी पाण्यातून काढल्यावर ती ओली आहे तोवरच हे काम करावं. वाळल्यावर कवच दुप्पट हट्टी होतं. मी बांबूची पाचर वापरतो. तिची धार होडीच्या अंगाशी जवळजवळ आडवी धरायची आणि कवचाच्या बुडाशी हलकेच रेटायची. कवच टिचकन सुटतं आणि मागे पांढरं, चक्राकार रेघांचं वर्तुळ उरतं. हीच ती बैठक, चुन्याची. तिच्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं ठेवलं की कान जवळ नेल्यावर बारीक सूं सूं ऐकू येते. चुना विरघळतोय, वायू सुटतोय. अर्ध्या तासाने बैठक पिठूळ होते आणि त्याच पाचरीने खरवडून निघते. खाली खळीचा पातळ पापुद्रा राहतो. त्याच्यावर आम्ल चालत नाही, तो ओल्या नायलॉनच्या घासणीने हळूहळू काढायचा. वेळ लागतो. पण याच बैठकांसाठी कडक ॲसिड ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, खोकून खोकून डोळे लाल झालेली.

पावसाआधी गोव्याच्या आणि आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. जहाजांतून समुद्रात गेलेलं तेल घट्ट होऊन त्यांचे गोळे बनतात आणि वारा त्यांना पुळणीवर आणून टाकतो. होडीला ते लागलं तर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा. डांबर तेलात विरघळतं, पाण्यात नाही. मऊ झालं की फडक्याने पुसा आणि साबणाने धुवा. पायाला लागलेल्या डांबरावरही हाच उपाय.

आता ब्लीचबद्दल, आणि हे घरोघरच्या वाचकांनीही लक्षात ठेवावं. झापांखाली पावसाळाभर झाकून ठेवलेल्या होडीच्या आत काळी बुरशी चढते, तिच्यावर पातळ केलेलं ब्लीच चालतं. गंजावर ते अजिबात चालत नाही. पण ब्लीच आणि कोणतंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तो हाच. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच, व्हिनेगर आणि ब्लीच, ऑक्झॅलिक आणि ब्लीच, यातली कुठलीही जोडी चालत नाही. एकाच बादलीत तर नाहीच, पण ‘सकाळी हे लावलं, न धुता दुपारी ते लावलं’ असंही नाही. वाकून होडीच्या पोटात घासणाऱ्या माणसाला पळायला जागा नसते, आणि हा वायूही जड, खालीच साचतो. एका दिवशी एकच रसायन, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पाण्याच्या रेषेखाली लाल किंवा निळा रंग असेल तर तिथे डाग काढायचा नादच सोडा. तो रंग जीव चिकटू नयेत म्हणून असतो, त्यात बहुधा तांब्याचं संयुग असतं आणि ते हळूहळू पाण्यात झिरपणं हेच त्याचं काम. तो कोरडा घासला तर विषारी धूळ उडते. घासावाच लागला तर ओला, वॉटर पेपरने, मास्क लावून. पूर्वी अशा रंगांत ट्रायब्युटिल टिन असे. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरातल्या कालवांची कवचं त्याने वेडीवाकडी झाली, पैदास खुंटली, तेव्हा त्या देशाने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. पुढे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. होडीच्या बुडाला लावलेली वस्तू कुणाच्या तरी ताटापर्यंत पोहोचते, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

आमच्या खाडीतही कालवं आहेत. सुकती लागली की बायका कोयती-टोपली घेऊन खडकांवर जातात, कालवं फोडतात, मुळे काढतात, त्यावर घर चालतं. आणि नेमक्या त्याच सुकतीला, त्याच काठावर, होडी कलंडवून धुतली जाते. धुतलेलं सगळं पुढच्या भरतीबरोबर खाडीत. हे मला बघवत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, ते बघायला माणसं लांबून येतात आणि त्यांच्या तिकिटावर या होड्या चालतात. तेव्हा होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढून घ्या. खाली ताडपत्री अंथरा. पट्ट्या पिळलेलं पाणी बादलीतच जमवा. त्यात चुन्याची निवळी थोडी थोडी ओतली की ऑक्झॅलिक पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसतं. तो गाळ विहिरीपासून आणि गुरांपासून दूर, खड्ड्यात पुरायचा. खरवडलेली कवचं आणि रंगाचे टवके ताडपत्रीवरून गोळा करून कचऱ्यात. यात अर्धा तास जास्त जातो, त्याहून जास्त नाही.

सगळं धुऊन झाल्यावरही होडी निस्तेज दिसते आणि हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. तो डाग नव्हे. उन्हाने जेलकोटचा वरचा थर जळलेला असतो. बारीक रबिंग कंपाऊंड ओल्या फडक्याने, हलक्या हाताने फिरवून तो उतरवायचा आणि लगेच वॅक्स पॉलिश द्यायचं. वॅक्स चढलं की छिद्रं बुजतात, पुढच्या हंगामाचा डाग आत न शिरता वरच्या वर राहतो आणि साबणाने निघतो. दरवर्षी वॅक्स करणाऱ्या होडीवाल्याला मी ऑक्झॅलिक क्वचितच लावायला सांगतो.

एक गोष्ट आढळली तर मात्र यातलं काहीच लावू नका. धुताना पाण्याच्या रेषेखाली बोटाला बारीक फुगवटे लागले, नखाने दाबल्यावर एखादा फुटला आणि आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं पाणी आलं, तर पाणी जेलकोटमधून पलीकडे गेलेलं आहे. वरून कितीही पॉलिश केलं तरी ते आतल्या आत पसरत राहतं. तिथे घासणं थांबवायचं, फोड उघडून गोड्या पाण्याने धुवायचे, होडी कोरड्या, हवेशीर छपराखाली कित्येक आठवडे नीट सुकू द्यायची आणि मगच इपॉक्सीने भरून घ्यायची. मालक घाई करतात, कारण गणपतीनंतर पर्यटक येणार असतात. अशा होडीला मी ओली असताना हात लावत नाही, मग मालक कितीही रागावो.